बिनबशीचा चहा

"बशी कुठंय?" मी विचारलं.

"नाहीये," कुमुद म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये, दादा. आईला सकाळपासून एकही सापडत नाहीये."

ट्रे माझ्यापुढे धरून ती उभी होती आणि हे सगळं ओठ न हलवता कुजबुजत होती. ट्रेमध्ये कप होते. नुसते कप. कानाला धरून उचलायचे आणि थेट तोंडाला लावायचे.

खासनिसांच्या, म्हणजे माझ्या नानाकाकांच्या त्या घरात मी लहानपणापासून चहा पीत आलो होतो. तिथे कप फुटायचे आणि बशा उरायच्या, त्यामुळे फडताळात कपांपेक्षा बशाच जास्त. निळ्या काठाच्या, गुलाबाच्या फुलांच्या, कुणाच्या तरी मुंजीत आलेल्या, टवके उडालेल्या. त्याच दिवशी सकाळी काकू परसातल्या नळाखाली त्या विसळत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढा जथा दोन-चार तासांत उठून कुठे जाऊ शकतो, हे माझ्या काही लक्षात येईना. पण विचार करायला वेळ नव्हता. समोर पाहुणे बसले होते.

पाहुणे म्हणजे इस्लामपूरचे बेलसरे. नवरा मुलगा मधुसूदन, त्याचं औषधांचं दुकान होतं. त्याच्या शेजारी त्याचे दिगंबरमामा, तहसील कचेरीत आयुष्य घालवलेले. आमच्याकडून नानाकाका आणि मी. त्या दिवशी कराडला काकांच्या घरी त्यांच्या मुलीच्या, कुमुदच्या लग्नाची बोलणी होती.

आमच्याकडच्या बोलणीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळंच वेड्यासारखं वाटेल. मुलीचा बाप बोलणीत तोंड उघडत नाही. उघडलं तर तो गरजू दिसतो. नवरा मुलगाही बोलत नाही. बोलला तर तो उतावळा दिसतो. मुलगी तर चहा देऊन आत जाते, ती काही दिसायचा प्रश्नच नाही. दोन्हीकडून एकेक बोलणारा असतो आणि ते दोघे काय ते ठरवतात. सुरुवातीला चहा येतो. मुलीकडच्या बोलणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, मग पाहुण्यांनी कप उचलायचे. चहा संपल्यावर जे बोललं जाईल ते पक्कं.

त्यांच्याकडून बोलणारे दिगंबरमामा. आमच्याकडून मी.

मी तेव्हा पुण्याला एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहीत असे. नातेवाइकांत त्यामुळे 'शरू बोलतो छान' असं माझं नाव झालं होतं. माझं ते छान बोलणं म्हणजे एवढंच, की समोरचा जे म्हणेल त्याला 'हो' म्हणायचं. पण असं म्हणायचं, की आपण हे मोठ्या कष्टाने मिळवलं असं त्याला वाटावं. या गुणावर मी अनेक घरांत जेवलो होतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी कुमुदने मला जिन्यात गाठलं होतं. ती कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून ती बोर्डासमोर बसली, की घरात ज्यांच्यासमोर तिला ब्र काढता येत नसे, त्यांनासुद्धा 'थांबा, लाइन मोकळी नाही' असं ऐकवायची. एकदा खुद्द नानाकाकांना तिने असं थांबवलं होतं. त्या दिवशी ती घरी येताना पेढे घेऊन आली, पण कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

"दादा," ती जिन्यात म्हणाली, "ते नोकरी सोडायला सांगतील. मुलगा मला आवडलाय, पण नोकरी मला सोडायची नाहीये. तू तेवढं कबूल करू नकोस. माझ्या हातात दुसरं काही नाहीये रे."

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका परसात दाढी करत बसले होते. काकू पलीकडे नळाशी.

"हे बघ शरू," गालाला साबण लावत काका म्हणाले, "स्थळ चांगलं आहे. नोकरीचा विषय ते काढणार. हो म्हणून टाक."

"कुमुदला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? ती काय नाही म्हणणार आहे?"

"म्हणजे हो म्हणेल?"

"अरे, विचारलंच नाही तर नाही कशी म्हणेल?" काकांनी वस्तरा गालावर टेकवला. "मला मध्ये बोलता यायचं नाही. मी खोकलो की समज आणि हो म्हण."

मी म्हटलं, "हो."

नळाशी चाललेला बशांचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि परत सुरू झाला. दोघांनाही हो म्हणून झाल्यामुळे मला अगदी निश्चिंत वाटत होतं.

तर आता बैठकीत ट्रे माझ्यापुढे होता. सगळे कप वाफाळत होते. पाहुण्यांच्या कपांतून वाफा निघत होत्या, काकांच्या कपातून निघत होत्या. एका कपातून मात्र वाफ निघत नव्हती. त्या कपावर जाड, पिवळसर, सुरकुतलेली साय पसरली होती.

"हा तुझा," कुमुद म्हणाली. "आईने वेगळा काढलाय. सायीचा."

सायीचा चहा ही माझी कमजोरी. काकूला तो माहीत होता. बशी नाही म्हणून बिचारीने माझ्यापुरता चहा आधीच ओतून निववून ठेवला, वर आठवणीने सायही घातली, असं मला वाटलं आणि मी मनातून गहिवरलो. गहिवरल्या अवस्थेत माणसाने चहा पिऊ नये.

पाहुणे माझ्याकडे पाहत होते. पहिला घोट माझा होता. बशीतून भुरके मारायची सवय असलेल्या माणसाला घोट केवढा घ्यायचा याचा अंदाज नसतो. मी कप उचलला आणि साय तोंडात यावी म्हणून चांगला मोठा घोट घेतला.

पुढचा क्षण मला नीटसा सांगता येणार नाही. सायीखाली चहा जवळजवळ उकळताच होता. तो जिभेवर आला आणि तिथेच थांबला, कारण गिळावा तर घसा जाईल आणि थुंकावा तर समोर दिगंबरमामांचं धोतर. मी तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय असं वाटलं.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"अ... ही... आई," मी म्हणालो. मला 'काही नाही' म्हणायचं होतं.

"जीभ पोळली वाटतं," मधुसूदन म्हणाला. रीत मोडून तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, पण ते औषधवाला म्हणून होतं, नवरा मुलगा म्हणून नव्हतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

मी वळून पाहिलं तर काकू दारात उभी होती. तिच्या हातात गार दुधाचा पेला. तिला कुणी हाक मारली नव्हती. मी अजून नीट ओरडलोसुद्धा नव्हतो.

"घे," ती म्हणाली. "हळूहळू पी."

मी दूध प्यायलो. तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि पेला खाली ठेवला तशी आग परत आली. मग सगळ्यांनाच आपापली औषधं आठवली. मामा म्हणाले, जिभेवर साखर धरा, आपोआप ओढून घेते. काय ओढून घेते ते त्यांनी सांगितलं नाही. काकांनी हाताने तुपाची खूण केली, कारण त्यांना बोलायचं नव्हतं. कुमुदने आतून मध आणला. आधी साखर, त्यावर मध आणि त्यावर तूप असं सगळं एकदम तोंडात घेऊन मी काही काळ बसलो. चव बरी असावी. मला समजली नाही.

"ते सगळं नंतर," मधुसूदन शेवटी म्हणाला. "आधी गार पाणी. बर्फ नको, बर्फ पोळलेल्या जिभेला चिकटतो. गार पाणी तोंडात घ्या, गिळू नका. जिभेवरून इकडून तिकडे फिरवत राहा. कोमट लागलं की थुंका आणि दुसरं घ्या. असं बराच वेळ करायचं. आणि तोवर बोलायचं नाही, जीभ दाताला घासते."

काकूने माठातलं पाणी तांब्यात आणलं. मी गालभर पाणी घेतलं आणि फिरवू लागलो. तुम्ही कधी करून पाहा. तोंडातलं पाणी डावीकडून उजवीकडे न्यायचं म्हणजे मान जागेवर राहत नाही. तीही थोडी थोडी डावीकडून उजवीकडे जाते.

"तुम्ही घ्या सावकाश," मामा म्हणाले. "मी बोलतो, तुम्ही ऐका. म्हणजे वेळ जायला नको." त्यांनी फुंकून फुंकून आपला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. "मुलगी आम्हाला पसंत आहे. घर पसंत आहे. आता मुद्द्याचं. ती त्या टेलिफोनमध्ये नोकरी करते. दिवसभर परक्या पुरुषांशी बोलत राहायचं, हे आमच्याकडे बरं दिसत नाही. तेव्हा लग्नाच्या आधी राजीनामा. काय?"

काका खोकले.

मला हो म्हणायचं होतं. आत माझा तो नेहमीचा गोड 'हो' तयारही होता. पण तोंड पाण्याने भरलेलं. होकारार्थी मान खाली घालावी, तर पाणी ओठांतून सतरंजीवर येणार. म्हटलं, एवढं पाणी फिरवून होऊ दे, थुंकू आणि मग म्हणू. मी पाणी फिरवत राहिलो. मान डावीकडे गेली. उजवीकडे गेली. परत डावीकडे.

मामा थबकले.

"नाही?" ते म्हणाले.

पाणी उजवीकडे चाललं होतं.

"तसं नव्हे," मामा सावरून म्हणाले, "लग्नाआधी म्हटलं तर लोक म्हणतील अट घातली. ते आम्हालाही नको. लग्न होऊ दे, मग सोडू दे सावकाश. हे तरी पटतंय?"

काका परत खोकले. या वेळी जास्त खोल.

मी हात वर केला. 'थांबा, थुंकून येतो' एवढाच त्याचा अर्थ होता. मामांनी तळहाताकडे पाहिलं आणि अंग जरा मागे घेतलं. मी उठून परसाच्या मोरीशी गेलो. थुंकलो. आता आत जाऊन पहिला शब्द हो, असं ठरवून वळलो, तर काकू तांब्या घेऊन उभी.

"काहू, बला..." मी म्हणालो.

"बोलू नकोस. जीभ दाताला घासते, ते म्हणाले ना? आ कर."

मी आ केला. तिने वरून धार धरली आणि गाल भरेपर्यंत थांबवली नाही.

"जा," ती म्हणाली. "फिरवत राहा."

मी भरल्या तोंडाने परत येऊन बसलो. तोवर मामांचा आपल्याशीच काही विचार झाला असावा.

"मी कचेरीत फार माणसं पाहिली," ते म्हणाले. "बडबडणाऱ्याला मी मोजत नाही. न बोलणारा माणूस मात्र अवघड. तुमची बाजू मला समजते. शिकलेली मुलगी आहे, लगेच घरी बसवली तर तिला करमायचं नाही. करू दे वर्षभर. पाळणा हलेपर्यंत करू दे म्हणा ना."

मान उजवीकडे गेली.

"त्यानंतरही?" मामा म्हणाले.

काकांना आता खोकल्याची उबळ आल्यासारखी झाली होती. तोंड लाल, डोळे माझ्यावर. मी त्यांच्याकडे शक्य तितक्या होकारार्थी नजरेने पाहिलं. पण नजरेचं काही चालेना, मान आपलं काम करत होती.

"नानासाहेब, तुम्ही पाणी घ्या बरं," मामा म्हणाले.

"दुकानातून औषध पाठवून देतो," मधुसूदन म्हणाला. "कोरडा खोकला दिसतोय."

काका खोकायचे थांबले.

"एवढं तरी ऐका," मामांचा आवाज आता विनंतीचा झाला होता. "रात्रपाळी नको. बाकी आम्ही काही म्हणत नाही. रात्रीची बाईमाणसाने..."

"मामा," मधुसूदन म्हणाला, "त्यांच्या तोंडात पाणी आहे."

"मला दिसतंय."

"तुम्ही नोकरीबद्दल विचारताय. त्यांची नाहीये नोकरी. जिची आहे तिला विचारू या ना."

असं आमच्याकडे कुणी केलं नव्हतं. काकांनी बोलायला तोंड उघडलं, रीत आठवली आणि मिटलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी फिरवणं थांबवलं होतं. मान स्थिर होती. ती त्यांनी माझी संमती मानली.

"बोलवा," ते म्हणाले.

कुमुद आली. लांब नव्हतीच, दाराआडच होती.

"काय गं," मामा म्हणाले, "नोकरी सोडशील का?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गाल फुगवून बसलो होतो. मग ती ज्या आवाजात बोलली, तो आवाज घरात त्याआधी कुणी ऐकला नव्हता. तो एक्स्चेंजमधला आवाज होता. स्पष्ट, सभ्य, घाई नसलेला.

"नाही सोडणार. इस्लामपूरला बदली मागेन. मिळेपर्यंत एसटीने ये-जा करेन. रात्रपाळी सगळ्यांनाच असते, मलाही करावी लागेल."

"आणि परक्या माणसांशी बोलणं?"

"ते माझ्याशी बोलत नाहीत, मामा. ते एकमेकांशी बोलतात. मी जोडून देते."

मामांनी रिकामा कप उचलला, आत पाहिलं आणि परत ठेवला. ते काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

"माझं दुकानही उशिरापर्यंत उघडं असतं," मधुसूदन कुमुदकडे न पाहता म्हणाला. "रात्रपाळी सुटली की घ्यायला येईन. सायकल आहे."

चहा संपला होता आणि हे सगळं त्यानंतर बोललं गेलं होतं. त्यामुळे ते पक्कं झालं.

पाहुणे गेल्यावर काका माझ्याशी एकच वाक्य बोलले.

"जीभ पोळली होती हे कबूल. मान कुठे पोळली होती?"

त्यानंतर त्यांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्याआधी माझ्या जिभेला चव परत आली. तोवर ती खरखरीत झाली होती आणि साखरभात आणि पिठलं यांतला फरक मला डोळ्यांनी पाहून ठरवावा लागे. तिखट वर्ज्य, गरम वर्ज्य. दहीभात खायचा आणि लोकांचं ऐकायचं.

लोकांचं ऐकायचं हे जास्त अवघड होतं. कारण त्याच संध्याकाळी कुमुद माझ्या पाया पडली.

"दादा, खरं सांगू? तू जिन्यात हो म्हणालास, पण मला भरवसा नव्हता. तू सगळ्यांनाच हो म्हणतोस. पण काय बसला होतास. मामा एकेक पायरी उतरत होते आणि तू नुसता..." तिने मान हलवून दाखवली.

"अगं, ते हाणी..." मी म्हणालो.

"बोलू नकोस. दुखेल."

जीभ नीट झाल्यावर मी तिला खरं काय ते सांगितलं. ती हसली. मी विनोदी लिहितो हे तिला माहीत होतं. काकांना सांगितलं, त्यांना ते सारवासारवीचं वाटलं. मधुसूदनरावांना सांगितलं, ते म्हणाले, "पाणी मी सांगितलं होतं, मान नव्हती सांगितली." हळूहळू नात्यात असं झालं, की समोरची बाजू अवघड असली की मला न्यायचे. 'शरूला बसवा, तो हलत नाही,' असं म्हणायचे. मी जायचो, बसायचो, आणि काय करायचं ते कळत नसल्यामुळे गप्प राहायचो. समोरचे उतरायचे. माझ्या आयुष्यातली सगळी प्रतिष्ठा ही त्या एका घोटाची आहे आणि तो घोट काय होता हे मला कळलं नव्हतं. बशा कुठे गेल्या? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फडताळात पुन्हा होत्या, नेहमीसारख्या एकावर एक. मी काकूला विचारलं, तर म्हणाली, "सापडल्या." कुठे, ते विचारायच्या आत ती पाणी भरायला गेली होती.

वर्षं गेली. कुमुदने नोकरी पूर्ण केली. बोर्ड गेला, बटणं आली, लोक आपापले फोन आपणच लावू लागले, तरी ती होती. ती निवृत्त झाली तेव्हा इस्लामपूरला तिच्या घरी छोटा समारंभ झाला. मधुसूदनराव सगळ्यांना पेढे वाटत होते. कुमुदने भाषणात ती बोलणीची गोष्ट सांगितली, मान हलवून दाखवली, लोकांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणालो, की माझी जीभ पोळली होती. लोक आणखी हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सामसूम होती. नानाकाका जाऊन बराच काळ लोटला होता आणि काकू कुमुदकडेच राहत होती. वाकली होती, पण चहा स्वतः करायची. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती.

काकूचा चहा मला लहानपणापासून आठवतो, म्हणजे तिने केलेला नव्हे, तिचा स्वतःचा. सगळ्यांना देऊन झाल्यावर ती आपला कप बशीने झाकून बाजूला ठेवायची. मग कुणाला पाणी, कुणाला पान, कुणाची चप्पल. तिने गरम चहा प्यायलेला मी कधी पाहिला नव्हता.

तिने दोन कप भरले. दोन्हींना बशा होत्या. एका कपावर तिने पळीने साय सोडली आणि तो माझ्यापुढे ठेवला.

जीभ पोळली त्या दिवसापासून मी कुठल्याही चहात आधी करंगळी बुडवून पाहतो. लग्नकार्यात लोकांना ते आवडत नाही. मी करंगळी बुडवली आणि झटकन काढून घेतली.

तिच्या कपातून वाफ निघत होती. माझ्या कपातून निघत नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "हा उकळता आहे."

"हो."

"पण याला वाफ नाही."

"सायीखालून वाफ येत नाही," काकू म्हणाली. "म्हणून तर दूध निवलंय असं वाटतं आणि पोरं हात घालतात."

मी कपाकडे पाहत राहिलो. मग तिच्याकडे.

"बशा कुठे होत्या?"

"ज्वारीच्या डब्यात. वरून ज्वारी घातली होती. एक फुटली. मुंजीतली."

"आणि ते गार दूध?"

"ते आधीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. तुला भाजणार होतं ना."

हे ती इतक्या मायेने म्हणाली, की मला क्षणभर बरंच वाटलं.

"पण मान? मान हलवायचं कसं काय ठरवलंस?"

"ते माझं नव्हे. ते जावईबापूंचं. मला वाटलं होतं, तू बोलणार नाहीस एवढं पुरे. पुढचं ते बघतील. तू नाही नाही करायला लागलास तेव्हा मीच चकित झाले. म्हटलं, हा कधीपासून?"

"अगं, मग मला सांगायचंस. मी नाही म्हटलं असतं."

काकूने माझ्याकडे पाहिलं.

"तू?" ती म्हणाली.

बाहेर मधुसूदनराव कुणाला तरी खोकल्याचं औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते समजावत होते.

"माझ्या बोलणीला माझा चुलतभाऊ होता बोलायला," काकू म्हणाली. "भास्कर. तुझ्यासारखाच गोड बोलायचा. मी तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात होते, मास्तरीण व्हायचं म्हणून. थोडंच राहिलं होतं. तुमच्याकडचं कुणीतरी म्हणालं, ते आता पुरे. भास्कर म्हणाला, हो हो, अगदी. बशीतून चहा पीत होता. मी दाराआड रिकामा ट्रे घेऊन उभी."

"तू काही बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते, ते अजून पाठ आहे."

"चहा कसा होता गं त्या दिवशी?"

"कोमट," काकू म्हणाली.

तिने ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं आणि माझ्यासमोर पाटावर बसली. आता ती आपला कप बशीने झाकेल आणि कशाला तरी उठेल म्हणून मी वाट पाहिली. ती उठली नाही. तिने कप उचलला, माझ्याआधी, आणि वाफाळता पहिला घोट घेतला.

"काय म्हणाली असतीस?" मी विचारलं.

ती सांगू लागली. मी माझा चहा बशीत ओतला आणि मध्ये एकदाही हो म्हणालो नाही.